दोन थाउ

अर्ज भरून घेताना मी सगळ्यांना बजावते,
बंदूक नाही, मार्कर म्हणायचं.
निमसेमामा मात्र पिचकारीच म्हणतात.
"रंग उडवायला हवेची टाकी कशाला गं?
रंगपंचमीला ये जुन्या नाशकात,
रहाडीत एक धप्पा मार, आठवडाभर निघत नाही."

सातपूरला त्यांचा गाळा. एक लेथ, एक ड्रिल,
भिंतीवर तीन वर्षांची कॅलेंडरं एकावर एक.
मी झिजलेला बोल्ट टेबलावर ठेवला.
त्यांनी तो उजेडात फिरवला.
"बोल्ट? मग आटे कुठायत?"
आटे नसतात, मामा. हा नुसता पुढेमागे पळतो,
गोळीला नळीत ढकलतो, पोटातून हवा सोडतो
आणि परत येतो. सेकंदाला आठदा,
पोरं चेकाळली तर दहादा.
"म्हणजे येवल्याचा धोटा," ते म्हणाले,
आणि व्हर्नियर शोधायला लागले.

स्टीलचा आधी केला, कारण स्टील त्यांना कळतं.
निळसर बुरा कुरळा होऊन ट्रेमध्ये पडत होता,
दुधाळ कुलंटचा तो आंबूस वास.
मग पांढरा प्लास्टिकचा रॉड चकमध्ये धरला,
आणि त्यातून निघाली एक लांबच लांब शेवई,
तुटेचना.
"याला टूल लागतंय की नाही
तेच कळत नाही हाताला."
त्या नादात दोन थाउ जास्त निघाले.
पहिला गेला.

दुसरा बसला.

गिरणाऱ्याच्या रस्त्याला आमचं मैदान,
टायर, ड्रम, मोडलेल्या द्राक्षबागेचे अँगल
आणि त्यांवर ताणलेलं गोणपाट.
सात नंबरमध्ये स्टील, आठ नंबरमध्ये प्लास्टिक,
आणि वर्षभर मी वहीत लिहीत राहिले.
स्टील: दर दोन डावांनी तेल.
अर्धी उतरलेली गोळी सरळ कापतो,
आत सगळी नारिंगी चटणी.
बॉडी अॅल्युमिनिअमची, तिला आतून ओरखडे.
प्लास्टिक: तेल नको. धक्का कमी.
गोळी अडली तर जरा कचरतो,
चारातल्या दोन वाचतात.
पण एप्रिलमध्ये, भर दुपारी, पत्र्याच्या शेडखाली
फुगला, आणि आठ नंबर मुका झाला.
जानेवारीच्या सकाळी तोच सैल,
हवा नुसती फुसफुस.

मामांना सांगितलं, तर म्हणाले,
"स्टीलपण फुगतं गं. फक्त बोंबलत नाही.
एप्रिलसाठी एक थाउ बारीक करून देतो."

मग मी ठरवलंच. चौदाच्या चौदा मार्करांत प्लास्टिक.
पावती तयार, रॉड आणलेला.
त्याच रविवारी अंबडहून एका कंपनीचे वीस जण आले,
एकसारखे टी-शर्ट, पाठीवर कसलंसं ब्रीदवाक्य.
पहिला डाव संपला आणि चौघं माझ्यासमोर उभे,
चौघांनाही सात नंबर हवा.
मी समजावलं, वेग दोन्हींचा सारखा,
यंत्रावर मोजून लावलाय,
गोळी तीच, रंग तोच, पैसे तेच.
त्यांतली एक, वाघचौरे मॅडम, हिशेब खात्यातल्या,
बारीक चणीच्या, मुखवटा कपाळावर सरकवलेला,
कानशिलावर रंग,
म्हणाल्या, "ते सगळं खरं असेल हो.
पण हा धक्का देतो.
म्हणजे मी काहीतरी केलं."
माझ्या वहीत याला रकाना नव्हता.

सात नंबरचा स्टील तसाच ठेवलाय.
दर दोन डावांनी तेल घालते, शिव्या घालत.
बाकी तेरांत पांढरे. कुणी तक्रार करत नाही,
कुणी कौतुकही करत नाही.

गेल्या आठवड्यात बिल द्यायला गेले.
गाळ्याच्या किल्ल्या मामांनी
त्या पहिल्या बोल्टला अडकवल्यात,
दोन थाउ बारीक झालेल्या.
भोक आयतंच होतं.
पांढरा होता, आता हाताच्या तेलानं पिवळट.
"पडला तर आवाजच येत नाही," मामा कुरकुरले,
"दोनदा शोधत बसलो."